वाचक विचारतात : रस काढल्यावर उरलेल्या चोथ्याचे काय करावे?

गेल्या अंकात भाज्यांच्या रसांविषयी लिहिताना ‘चोथा टाकू नये, तो स्वयंपाकात वापरावा’ असे एक वाक्य मी ओघात लिहून गेले होते. तो कसा वापरावा, किती दिवस टिकतो आणि कोणता चोथा मुळीच वापरू नये, याबद्दल तेथे एक अक्षरही नव्हते. ही उणीव वाचकांनी पत्रे पाठवून दाखवून दिली, हे योग्यच झाले. आलेल्या पत्रांतील काही प्रश्न निवडून या वेळचे सदर केवळ चोथ्यासाठी ठेवले आहे.

प्रश्न : आमच्याकडे रोज सकाळी गाजर, बीट, काकडी आणि आले यांचा एकत्र रस निघतो आणि त्यामागे दोन मोठ्या वाट्या चोथा उरतो. मी त्याची थालीपिठे करून पाहिली, परंतु ती थापताना फाटतात आणि बाहेरून करपली तरी आतून कच्चट राहतात. काय चुकत असावे? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : आपण चोथा किसासारखा वापरत आहात आणि अडचण तेथेच आहे. किसलेल्या गाजराला मीठ लागले की त्याचे पाणी सुटते, ते पिठात मुरते आणि गोळा आपोआप मिळून येतो. चोथ्यातील बरेचसे पाणी आधीच निघून गेलेले असते आणि मागे राहिलेले मोकळे तंतू पिठाला घातलेले पाणी शोषून धरून बसतात. त्यामुळे पीठ कोरडे वाटते म्हणून आपण आणखी पाणी घालतो, ते पाणीही तंतूंत जाते आणि तव्यावर कडा कुरकुरीत झाल्या तरी मधला भाग ओलाच राहतो. माझ्या पहिल्या काही थालीपिठांच्या मध्यभागी रुपयाच्या नाण्याएवढा फिकट, ओलसर ठिपका राहत असे. तो कितीही वेळ भाजला तरी जात नसे.

यावर उपाय असा की, चोथ्यात आधी मीठ, तिखट, हळद, तीळ, ओवा आणि बारीक चिरलेला कांदा कालवून तो दहा मिनिटे झाकून ठेवावा आणि मगच भाजणी घालावी. एका वाटी चोथ्याला दोन वाट्या भाजणी हे प्रमाण मला सर्वांत भरवशाचे वाटते. चोथा याहून वाढला की थालीपीठ फाटू लागते. गोळा मिळून यावा म्हणून भाजणीत दोन चमचे कणीक घालावी, पीठ कोमट पाण्याने बेताचे सैल भिजवावे आणि पुन्हा पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. ओल्या सुती फडक्यावर पातळ थापून मध्ये एकाऐवजी पाच भोके पाडावीत, प्रत्येक भोकात तेल सोडावे आणि मंद आचेवर झाकण ठेवून भाजावे. भोकांवाटे आतील वाफ निघून जाते, त्यामुळे मधला ठिपका राहत नाही.

चोथा किती ओला आहे हे मात्र आपल्या यंत्रावर अवलंबून असते आणि म्हणूनच कोणाचीही कृती डोळे झाकून घेऊ नये. वेगाने फिरणाऱ्या साध्या ज्यूसरमधून निघणारा चोथा बराच ओला असतो, सावकाश पिळून रस काढणाऱ्या कोल्ड प्रेस यंत्रातून तो जवळजवळ कोरडा आणि भुसभुशीत निघतो, तर मिक्सरमध्ये वाटून पंच्यातून पिळलेला चोथा बारीक आणि चिकट असतो. मूठभर चोथा घट्ट दाबून पाहावा. हात उघडल्यावर तो लाडवासारखा राहिला आणि बोटांच्या फटींत नुसती ओल दिसली, तर तो थालीपिठाला योग्य आहे. थेंब गळत असतील तर तो पुन्हा पिळून ते पाणी आमटीत घालावे आणि हात उघडताच तो विखुरला तर त्यावर दोन चमचे दही किंवा पाणी शिंपडून थोडा वेळ मुरू द्यावा.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगते. चोथा चांगला निघावा यासाठी जे करायचे, ते यंत्र सुरू करण्याआधी करायचे असते. आपण चारही वस्तू एकत्र घालता, म्हणून बीटचा रंग आणि आल्याचा तिखटपणा साऱ्या चोथ्यात उतरतो आणि तो थालीपिठाशिवाय कशालाच चालत नाही. त्याऐवजी आधी काकडी, मग गाजर, नंतर बीट आणि शेवटी आले असा क्रम ठेवावा आणि दर वेळी चोथ्याचे भांडे रिकामे करून घ्यावे. रस एकाच भांड्यात एकत्र होतो, त्यामुळे पिणाऱ्याला काहीच फरक पडत नाही. परंतु आपल्या हाती चार वेगवेगळे चोथे येतात. काकडीचा चोथा त्याच दिवशी दही, मीठ आणि दाण्याचे कूट घालून कोशिंबिरीत संपवावा. गाजराचा चोथा तिखट आणि गोड दोन्ही पदार्थांना चालतो. तुपावर परतून, दूध आटवून आणि साखर घालून त्याचा हलवा करता येतो, मात्र रसाबरोबर गाजराचा गोडवा बराचसा गेलेला असल्यामुळे किसाच्या हलव्यापेक्षा त्याला साखर थोडी अधिक लागते. आल्याचा चोथा चहाच्या आधणात टाकून गाळून घ्यावा, कारण त्याच्या दोऱ्या चावल्या जात नाहीत.

बीटच्या चोथ्याचे पराठे भाजल्यावर तपकिरी दिसतात, अशी तक्रार आणखी दोघींनी लिहिली आहे. बीटचा लाल रंग उष्णतेने उतरतो आणि आंबटपणाने काही प्रमाणात टिकतो, म्हणून पीठ भिजवताना लिंबाचा रस किंवा आंबट ताक घालावे. गाजराचा केशरी रंग वेगळ्या जातीचा असतो, तो तव्यावर इतका उतरत नाही. बीट खाल्ल्यानंतर काही जणांच्या लघवीला लालसर रंग येतो, त्याने घाबरून जाऊ नये.

भाज्या धुण्याविषयी आपण विचारलेले नाही, तरीही लिहिते. सालीवर जे काही असते ते बहुतांशी चोथ्यात राहते. म्हणून चोथा खायचा असेल तर गाजर आणि बीट वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून धुवावीत, गाजराचा देठाकडील हिरवा भाग कापून टाकावा आणि बीटची साल काढूनच घ्यावी, अन्यथा मातीचा वास पराठ्यापर्यंत येतो.

प्रश्न : माझ्या आईचे म्हणणे असे की, सगळे सत्त्व रसात गेल्यावर उरतो तो नुसता भुसा आणि तो खाणे म्हणजे पोटाला त्रास देणे होय. चोथ्यात खरोखर काही उरते का? माझ्या वडिलांना मधुमेह आहे, त्यांनी काय घ्यावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपल्या आईंचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पाणी, साखर, पोटॅशियमसारखे पाण्यात विरघळणारे क्षार आणि क जीवनसत्त्व यांचा मोठा भाग रसाबरोबर जातो. परंतु न विरघळणारे तंतू जवळजवळ संपूर्णपणे चोथ्यात राहतात आणि गाजराला रंग देणारे कॅरोटीनही पेशींच्या भिंतींत अडकलेले असल्यामुळे बऱ्याच प्रमाणात मागे उरते. हे कॅरोटीन शिजवल्याने मोकळे होते आणि स्निग्ध पदार्थाबरोबर शरीरात अधिक चांगले शोषले जाते, त्यामुळे तेल सोडून भाजलेले थालीपीठ किंवा तुपावर परतलेला हलवा हा गाजराच्या चोथ्याचा उत्तम उपयोग ठरतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० किलोकॅलरींच्या आहारात दिवसाला सुमारे ३० ग्रॅम तंतू असावेत असे सुचवले आहे आणि २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खाण्याची शिफारस केली आहे. मैद्याचा पाव, पॉलिश केलेला भात आणि गाळलेला रस यांवर ज्यांचा दिवस निघतो, त्यांच्या पोटात यातले फार थोडे तंतू जातात. अशा घरात चोथ्याला भुसा म्हणून टाकून देणे मला पटत नाही. मात्र चोथा खाल्ला म्हणजे भाजी खाल्ली असा हिशेबही धरू नये, कारण भाजीतील पुष्कळ काही खरोखरच पेल्यात गेलेले असते.

वडिलांविषयी विचाराल तर गाजर आणि बीट यांचा गाळलेला रस त्यांनी रोज पिऊ नये असेच मी म्हणेन. एका पेल्यासाठी तीन-चार गाजरे लागतात. तेवढी गाजरे चावून खाताना माणूस आपोआप थांबतो, पण रस दोन मिनिटांत पिऊन होतो आणि तंतू नसल्यामुळे त्यातील साखर रक्तात लवकर उतरते. त्यांना गाजर आवडत असेल तर ते कोशिंबिरीत खावे. रस प्यायचाच असेल तर प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा मुतखडा होतो, त्यांनी बीट आणि पालक यांचा रस सुरू करण्याआधीही तसेच विचारून घ्यावे.

पोटाला त्रास होण्याची आईंची भीती मात्र अनाठायी नाही. ज्यांना तंतूंची सवय नाही त्यांनी एकदम वाटीभर चोथा खाल्ला तर पोट फुगते आणि पाणी कमी प्यायले तर बद्धकोष्ठ उलट वाढते. दोन चमच्यांपासून सुरुवात करावी, पाणी भरपूर प्यावे आणि आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय चोथा खाऊ नये.

प्रश्न : सकाळचा चोथा संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्ये ठेवला तरी कधी कधी त्याला आंबूस वास येतो. तो कसा आणि किती दिवस टिकवावा? उन्हात वाळवून ठेवता येईल का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : अखंड गाजर आठवडाभर टिकते, कारण त्याची साल शाबूत असते. यंत्रात पेशी फुटतात, आतील गोड रस तंतूंना चिकटून राहतो, सगळीकडून हवा लागते आणि जिवाणूंना आयती जागा मिळते. आपल्याकडे बहुधा असे होत असावे की, रस पिऊन होतो, डबे भरले जातात, मुले शाळेत जातात आणि यंत्र दुपारी धुताना चोथा फ्रीजमध्ये जातो. तोपर्यंत बिघाड सुरू झालेला असतो आणि फ्रीज तो मंद करतो, मागे नेत नाही. रस गाळल्याबरोबर चोथा काढून झाकणाच्या डब्यात घालावा आणि लगेच थंड करावा. असा चोथा मी दोन दिवसांत संपवते. आंबूस वास आला, हाताला बुळबुळीत लागला किंवा तार सुटली, तर तो शिजवून वाचवण्याचा मोह टाळावा आणि सरळ खतात घालावा.

अधिक दिवस ठेवायचा असेल तर फ्रीझर बरा. एका वेळी लागेल तेवढाच चोथा पिशवीत भरून, पिशवी चपटी करून, वर तारीख लिहून ठेवल्यास तो दोन-तीन महिने चांगला राहतो. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटतेही; गोळा करून ठेवलेल्या चोथ्याचा मधला भाग मात्र तास-दोन तास दगडासारखा राहतो. एकदा बाहेर काढून सैल झालेला चोथा पुन्हा गोठवू नये.

वाळवण्याविषयी आपण विचारले याचा मला विशेष आनंद झाला, कारण ही आपल्या घरांतील जुनी विद्या आहे. कोहळ्याचे सांडगे ज्यांनी केले आहेत त्यांना हे आठवेल की, कोहळा किसायचा, फडक्यात बांधून घट्ट पिळायचा आणि त्या पिळलेल्या किसात भिजवून वाटलेली उडदाची डाळ, मिरची, हिंग, मीठ घालून ते चिमटीने प्लॅस्टिकच्या कागदावर किंवा ताटात घालायचे. तेथे हवा असायचा तो चोथाच, पाणी ही मागे उरणारी वस्तू होती. आज अनेक घरांत सकाळी अनशापोटी कोहळ्याचा रस पितात आणि चोथा टाकून देतात, तेव्हा मला वाटते की सांडग्याचे निम्मे काम करून झाल्यावर ताट उचलून ठेवले. कोहळ्याचा किंवा दुधीचा दोन वाट्या चोथा असेल तर अर्धी वाटी उडदाची डाळ तीन-चार तास भिजवून, कमीत कमी पाण्यात वाटून घालावी. एप्रिल-मेच्या उन्हात सांडगे दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतात. पावसाळ्यात मात्र हा उद्योग करू नये, आत बुरशी धरते आणि ती वरून दिसत नाही.

गाजराच्या चोथ्याची पूड करायची असेल तर तो सुती कापडावर अगदी विरळ पसरावा आणि वरून पातळ मलमल घालावी. धूळ आणि माश्या यांच्यापासून रक्षण होतेच, शिवाय प्रखर उन्हाने कॅरोटीनचा नाश होऊन चोथा पांढरट पडतो तेही कमी होते. ऊन उतरण्याआधी तो घरात आणावा, नाहीतर संध्याकाळची दमट हवा दिवसभराची मेहनत वाया घालवते. चिमटीत धरून चुरला असता पापडासारखा तुटला पाहिजे. जरा जरी चिवट लागला तरी आणखी एक ऊन द्यावे. वाळलेला चोथा गरम असताना डब्यात भरू नये, कारण झाकणाला आतून पाणी सुटते. पूर्ण गार झाल्यावर दळून, काचेच्या बरणीत भरून ठेवावा आणि कणकेत वाटीमागे एक चमचा किंवा सार, आमटी दाट करण्यासाठी वापरावा. किलोभर गाजरांच्या चोथ्याची पूड जेमतेम मूठ-दीड मूठ होते, हे आधी माहीत असलेले बरे.

प्रश्न : दुधीचा रस काढल्यावर चोथ्याचे मुठे करतो. एकदा रस कडू लागला म्हणून टाकून दिला, पण चोथा वापरला. शिजवल्यावर कडवटपणाचे काही वाटत नाही ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : असे पुन्हा कधीही करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. दुधी, काकडी, दोडका, कोहळा या वेलवर्गीय भाज्यांत कधी कधी कुकुरबिटासिन नावाची अतिशय कडू आणि विषारी द्रव्ये वाढतात. शिजवल्याने ती जात नाहीत, मसाल्याने फक्त चव झाकली जाते. कडू दुधीच्या रसाने विषबाधा होऊन आपल्या देशात माणसे दगावली आहेत. या घटनांचा अभ्यास करण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध झाला. दुधीचा छोटा तुकडा आधी चाखून पाहावा, तो कडू असेल तर पूर्ण दुधी टाकावा, दुधीच्या रसात दुसऱ्या भाजीचा रस मिसळू नये आणि रस प्यायल्यावर मळमळ, वांती, जुलाब किंवा अस्वस्थता वाटली तर ताबडतोब रुग्णालयात जावे, असे त्या समितीने सांगितले आहे. या विषावर उतारा नाही, लक्षणांवर उपचार करावे लागतात. म्हणून घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

रसाबरोबर सगळे विष निघून गेले असे समजण्यास काहीही आधार नाही. चोथ्यात रसाचा अंश उरतोच. कडू दुधीचा चोथा जनावरांनाही घालू नये. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांमुळे असतो, तो या धोक्यात मोडत नाही. परंतु नेमके म्हणूनच दुधीच्या रसात कारले मिसळण्याची पद्धत घातक ठरते, कारण दुधीचा कडूपणा मग ओळखूच येत नाही.

गोड दुधीचा चोथा मुठ्यांना उत्तमच. ज्वारीचे पीठ आणि बेसन मिळून चोथ्याइतकेच घ्यावे, आंबट दही घालावे, आणि हाताला तेल लावून वळलेले मुठे वीस मिनिटे वाफवून, गार झाल्यावरच कापून तीळ-मोहरीची फोडणी द्यावी.

प्रश्न : पुण्यात एका बागेबाहेर सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी मी रसाची गाडी लावतो. गव्हांकुर, कारले, दुधी, गाजर, आवळा मिळून रोज दहा-बारा किलो चोथा निघतो. काही दिवस तो गाईंना घातला, पण एका गोपालकाने नको म्हटले. खत केले तर वास येतो आणि चिलटे होतात. मार्ग सुचवावा. (एक रसविक्रेता, पुणे)

उत्तर : हे पत्र वाचून समाधान वाटले, कारण दहा-बारा किलो चोथा गुपचूप कचऱ्याच्या गाडीत टाकणे सर्वांत सोपे होते आणि आपण तसे केले नाही.

गोपालकाने नको म्हटले ते योग्यच आहे. गाईचे पोट चाऱ्याला सरावलेले असते. गोडसर, ओला, लवकर आंबणारा चोथा एकदम पाटीभर पडला तर पोटात आम्ल वाढते, अपचन होते आणि दूध घटते. शिवाय आपल्या चोथ्यात कारले आणि लिंबाच्या सालीही आल्या असतील. गाजराचा चोथा वेगळा ठेवून, त्याच सकाळी, दोन-तीन तासांच्या आत, सुक्या चाऱ्यात मिसळून थोडा थोडा घालण्याची तयारी असेल तर त्यांच्याशी पुन्हा बोलून पाहावे, आणि किती घालायचे ते त्यांनी किंवा त्यांच्या पशुवैद्यांनी ठरवावे. रस्त्याच्या कडेला ओतलेला चोथा मोकाट जनावरे पिशवीसकट खातात, म्हणून तो मार्ग कधीच घेऊ नये.

गव्हांकुराचा चोथा माणसाने खाण्याजोगा नाही. तो गवताचाच तंतू आहे, माणसाला पचत नाही आणि घशात अडकतो. तो आणि कारल्याचा चोथा थेट खतात जावा. आवळ्याविषयी शेवटच्या प्रश्नात लिहिले आहे.

खताला वास येतो कारण चोथा एकटा पडतो. तो ओला, बारीक आणि घट्ट बसणारा असल्यामुळे ढिगाच्या आत हवा जात नाही आणि हवेवाचून कुजले की दुर्गंधी येते. त्याला सुक्या, कार्बन अधिक असलेल्या वस्तूची जोड हवी. एक टोपली चोथ्याला दोन टोपल्या सुका पालापाचोळा, असे मापाने घालावे, वजनाने नव्हे. बागेबाहेरच आपली गाडी असल्यामुळे पाल्याची उणीव पडू नये. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत बागेतील माळीकाकांना सांगून दहा-पंधरा पोती भरून ठेवावीत, म्हणजे पावसाळ्यातही सुका पाला हाताशी राहतो. पाला जाळण्यापेक्षा त्यांनाही हे सोयीचे होते. शेजारी रसवंती असेल तर उसाची चिपाडे मागून घ्यावीत. गुऱ्हाळात ती वाळवून चुलाण्यात जाळतात, शहरात मात्र त्यांचा ढीगच होतो. ताजी चिपाडे गोड असल्याने माश्या बोलावतात, म्हणून ती वाळवून, बोटभर लांबीचे तुकडे करून घालावीत. ती सावकाश कुजतात आणि तोवर ढिगात हवेची वाट मोकळी ठेवतात.

ढिगात चोथा घातला की त्यावर चार बोटे जाडीचा सुका थर द्यावाच, चिलटे उघड्या चोथ्यावरच अंडी घालतात. दर तीन-चार दिवसांनी ढीग वरखाली करावा. मुठीत दाबल्यावर एखादा थेंब यावा, धार लागू नये. धार लागली तर पाला वाढवावा. पहिल्या ढिगात जुन्या खताची दोन घमेली मिसळली तर काम लवकर सुरू होते. दोन-अडीच महिन्यांत मातीचा वास येणारे, काळपट, भुसभुशीत खत तयार होईल. गांडूळखत करायचे असेल तर ताजा चोथा थेट गांडुळांवर घालू नये, कारण तो तापतो. आधी पंधरा दिवस वेगळा कुजवून मग घालावा.

आणखी एक सांगते. चोथ्याचे पदार्थ करून विकावे असा विचार मनात आला तर अन्नसुरक्षा कायद्याखाली आपली जी नोंदणी असेल तीत ते पदार्थ येतात का हे आधी पाहावे, आणि सकाळभर गाडीवर उघडा राहिलेला चोथा तर पदार्थांसाठी मुळीच वापरू नये.

प्रश्न : सोलकढीसाठी नारळाचे दूध काढल्यावर उरलेल्या चोथ्याला चव राहत नाही, पण टाकवतही नाही. (एक वाचिका, फोंडा, गोवा)

उत्तर : दोनदा दूध काढल्यावर चोथ्याचा ओशटपणा बराच जातो, परंतु तंतू आणि थोडे तेल उरते. तो ओलाच वापरला तर आमटी-भाजीत भुसा लागतो, म्हणून मंद आचेवर सतत परतत तांबूस होईपर्यंत भाजून घ्यावा. मग सुक्या मिरच्या, लसूण, चिंच आणि मीठ घालून त्याची सुकी चटणी वाटावी. पिठीभाताबरोबर ती फार छान लागते. भाजलेला चोथा हवाबंद बरणीत आठवडाभर ठेवता येतो. त्यापुढे उरलेल्या तेलामुळे तो खवट होतो, आणि खवटपणा कोणत्याही मसाल्याने झाकत नाही.

प्रश्न : हिवाळ्यात दहा किलो आवळ्यांचा रस काढून ठेवतो. त्याच्या चोथ्याची सुपारी करता येते असे ऐकले. (एक वाचक, अकोला)

उत्तर : येते, आणि ती चांगली होते. आवळे न वाफवता, बिया काढून, किसून पिळले असतील तर चोथा सुपारीसाठी अगदी योग्य असतो. मिक्सरमध्ये फार बारीक वाटलेला चोथा असेल तर गोळ्या कराव्या लागतात. किलोभर चोथ्याला दोन चमचे सैंधव, एक चमचा काळे मीठ, एक चमचा भाजलेल्या ओव्याची पूड आणि दोन चमचे आल्याचा रस चोळून, स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवावा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, आवळ्याचा रंग काळा पडतो आणि आंबटपणाने धातूची चव उतरते. मिठाने जे पाणी सुटेल ते टाकू नये. दुसऱ्या दिवशी तो चोथा वाळत घालावा आणि संध्याकाळी त्याच पाण्यात पुन्हा घोळून घ्यावा, म्हणजे रसाबरोबर गेलेला आंबटपणा थोडा तरी परत येतो. विदर्भातील डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत सुपारी तयार होते. रस आणि चोथा वेगळे करण्याआधीच एक किलो किस न पिळता बाजूला ठेवून तो चोथ्यात मिसळला तर दाताखाली येणारी सुपारी अधिक रसरशीत लागते, एवढे या हंगामात करून पाहावे.